घमेल्यातला तांबडा माठ

सगळं सामान ट्रॉलीत चढलं. कोंबड्यांचं खुराडं चढलं, मुकादमाच्या बायकोची, झुंबरबाईची म्हातारी शेळी चौघांनी उचलून चढवली, तरी रंगुबाई खालीच उभी. तिच्या पायाशी सात घमेली होती. बुडाला भोकं पडलेली, कडा चेमटलेली, कुणी कुणी बांधकामावर टाकून दिलेली. पाच घमेल्यांत तांबडा माठ चांगला वीतभर वर आला होता आणि दोनांत टोमॅटोची रोपं काठ्यांच्या आधारानं उभी होती.

"ए रंगुबाई, ऊसतोडीला निघालीस का रोपवाटिका टाकाया?" ट्रॅक्टरपाशी उभा राहून मुकादम काकासाहेब म्हणाला. "पानी सांडंल ते ऱ्हाऊ दे हितंच."

"तुमच्या ट्रॅक्टरला वजन हुत आसंल तर मला उतरवा, मुकादम. मी येते चालत. घमेली जाऊ द्या."

ट्रॉलीतली माणसं हसली. तिचा नवरा कानिफनाथ मात्र तोंड फिरवून बसला. बायकोचं हसं झालं की त्याला ते आपलंच झाल्यासारखं वाटे. शेवटी लेक अंगदनं खाली उडी मारली आणि एकेक घमेलं वर दिलं. रंगुबाई सर्वांत शेवटी चढली. फळकुट धरून वर येताना तिला चांगलाच दम लागला. घमेल्यांच्या कडेला टेकून ती बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली.

पाथर्डीच्या डोंगराकडची ही टोळी दरवर्षी दिवाळी झाली की काष्टीच्या बाजूला ऊस तोडायला येई. एका गावाच्या शिवारात तीन-चार आठवडे, मग दुसऱ्या. पेरलेलं हाताशी यायच्या आत मुक्काम हलतो, म्हणून टोळीत कुणी काही लावत नाही. तीस हंगाम रंगुबाईनंही लावलं नव्हतं. या खेपेला मात्र सून सुकन्या दोन जिवांची होती. पाचवा महिना लागलेला, आणि तोंडावर रंग म्हणून नाही. तेव्हा रंगुबाईनं ठरवलं, की आपल्याला जमिनीपाशी राहता येत नसेल तर जमीन आपल्याबरोबर हिंडेल. बाई तशी हट्टाची. एकदा मनानं घेतलं की टोळी काय, कारखाना काय, कुणाचं ऐकायची नाही.

त्या हट्टाला कारण होतं. तिची स्वतःची पहिली पोर फडाकडेच्या अशाच एका पाचटाच्या कोपीत जन्मली आणि चौथ्या दिवशी कोपीतच गेली. कुठल्या गावाच्या बांधाला पुरली, ते गावसुद्धा आता तिला नीट आठवत नव्हतं. ते आठवत नाही याचंच तिला जास्त दुःख होतं.

नव्या मुक्कामावर तिसऱ्या दिवशी दुपारी स्कुटीवरून सिल्व्हिया सिस्टर आली. उपकेंद्राची नर्स, नगरची, चाळिशीची, पदर खोचून कुठल्याही कोपीत वाकून शिरणारी. तिनं सुकन्याच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला आणि लहानशा यंत्रात बघून म्हणाली, "आठ पॉइंट एक. बारा तरी पाहिजे, निदान अकरा. अशानं बाळंतपणाला जीव धोक्यात येईल हं. सातवा संपेपर्यंत वर चढलंच पाहिजे, नाहीतर रक्त द्यावं लागेल."

सुकन्या खाली मान घालून बसली. रंगुबाई तिच्या शेजारी सरकून बसली.

"मावशी, तुमचंही बघू. द्या बोट."

"माझं काय मापता? मला काय धाड भरलीय." रंगुबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

बाहेर निघताना सिस्टरला घमेली दिसली. ती तिथंच उकिडवी बसली आणि माठाचं एक पान उलटून बघू लागली. "हे कुणी लावलं?"

"मीच. लावलं गम्मत म्हनून," रंगुबाई म्हणाली, पण तिचा ऊर भरून आला होता. या घमेल्यांकडे बघून न हसलेलं हे पहिलंच माणूस.

"गंमत नाही मावशी, मोठं काम केलंत. हा लाल रंग नुसता शोभेचा नसतो." सिस्टरनं इकडं तिकडं पाहिलं. कोपीच्या दाराशी दोन कोयते टेकवलेले होते. "कोयता रातभर दवात पडला तर काय होतं?"

"तांबारतो की. गंज धरतो."

"आणि तेलाचा बोळा फिरवून ठेवला तर?"

"मग काय हुत न्हाई."

"तसंच आपलं शरीर. आपण राबतो, उन्हात तापतो, पाचटाचा धूर खातो, तसतसा आतून गंज धरतो म्हणा ना. माठाचा, टोमॅटोचा, बिटाचा, डाळिंबाचा हा जो लाल रंग आहे, तो आतून फिरवलेला तेलाचा बोळा. त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात."

"अँटी... काय?"

"अँटिऑक्सिडंट."

"ऱ्हाऊ द्या. तेलाचा बोळाच बरा हाय."

सिस्टर खळखळून हसली. टोमॅटो तेलात परतून दिला तर त्याचा रंग अंगाला जास्त लागतो, हेही तिनं सांगितलं. मग पिशवीतून लाल गोळ्यांच्या पट्ट्या काढून रंगुबाईच्या हातावर ठेवल्या. "या लोहाच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. चुकवायची नाही."

"लोह म्हंजी?"

"लोखंडच की. रक्त व्हायला लागतं ते." तेवढ्यात पलीकडच्या कोपीतून तापलेल्या पोराला दाखवायला हाक आली आणि सिस्टर घाईनं निघून गेली.

रंगुबाई हातातल्या पट्ट्यांकडे बघत उभी राहिली. लोखंड. आताच तर ही बाई सांगून गेली, की शरीराला गंज धरतो, तो वाईट. आणि गंज धरतो कशाला? लोखंडाला. तीस वर्षं लोखंड हातात धरून राबलेल्या बाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी आठ दिवस तिनं गोळ्या दिल्या. पहाटे कोऱ्या चहाच्या घोटाबरोबर एक, आणि संध्याकाळच्या चहाबरोबर एक. सुकन्याला मळमळायला लागलं. पोट गच्च झालं. एके दिवशी ती परसाकडून आली ती घाबरी होऊन. "आत्या, समदं काळं पडतंय वो."

रंगुबाईनं एक गोळी नखानं खरवडली. वरचा लाल रंग पापुद्र्यासारखा निघाला, आत राखाडी. म्हणजे रंग वरून चोपडलेला! माठाचं पान ती कुठूनही चुरगळो, आत बाहेर तांबडं, देठ तांबडा, मूळसुद्धा गुलाबी. मग तिनं ती गोळी वाटीभर पाण्यात टाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी फडावरून येऊन बघते तो काय, वाटीच्या बुडाशी तपकिरी गाळ. कोयता धुतल्यावर घमेल्यात उतरतं तसंच पाणी.

"गंजच हाय," ती सुकन्याला म्हणाली. "बघ तुझ्या डोळ्यानं. ह्यो तुझ्या पोटात चाल्लाय, बाळापतुर."

सुकन्यानं वाटीत पाहिलं आणि तोंड फिरवलं. मळमळ थांबणार म्हणून तिला आतून बरंच वाटलं असावं.

औषधाची गोळी उकिरड्यावर फेकायला मात्र रंगुबाईचं मन धजेना. तिच्या माहेरी झाड जोमानं वाढावं म्हणून लिंबाच्या बुडात जुने खिळे पुरायचे. ते आठवून ती रोज दोन गोळ्या माठाच्या घमेल्यात बोटभर खोल खुपसू लागली. गंज मातीत जाऊ दे आणि रंग तेवढा सुनेच्या पोटात, असा तिचा हिशेब. चुकीचा होता, पण बिनविचाराचा नव्हता. इतकं डोकं लावून माणूस चुकतं तेव्हा त्याला मूर्ख म्हणवत नाही.

त्यानंतर तिनं सुनेची जी बडदास्त ठेवली, तिला तोड नव्हती. दर शनिवारी काष्टीच्या बाजारातून बीट यायचं, आतून लाल निघणारे पेरू यायचे. एका बागेतून तडकलेली डाळिंबं तिनं मागून आणली. रोज उठून घमेल्यातला माठ खुडायचा, लसूण घालून परतायचा. टोमॅटो तव्यावर तेलात घालून उलथण्यानं ठेचत राहायचं, तेल सुटेपर्यंत. वास सगळ्या कोप्यांवर जायचा. ताटली सुकन्यापुढं ठेवून ती समोर बसायची आणि शेवटचा घास जाईपर्यंत उठायची नाही. स्वतः दाराशी चहात भाकरी मोडून खायची.

"तुमी बी घ्या की आत्या."

"मला न्हाई गोड लागत माठ. तू खा."

फडात तर ती दोघींचं काम ओढत होती. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. अंगद तोडायचा, पण सुकन्याला वाकवत नव्हतं. म्हणून रंगुबाई आधी आपल्या नवऱ्यामागं मोळ्या बांधायची, मग धावत अंगदच्या सरीत यायची. उसाच्या पात्यांनी तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना तिच्या कानात शिट्टी वाजायची. ती दोन श्वास थांबायची आणि पुन्हा चढायची.

"अंगदचा कोयता अर्धाच पडतोय," काकासाहेब सगळ्यांदेखत म्हणाला. "सुनंला गावाकडं धाडा, न्हाईतर दुसरं मानूस आना."

"कमी पडल्याली मोळी दावा मला," रंगुबाई म्हणाली. "दावा की. मोजा."

त्यानं मोजल्या नाहीत. मोळ्या पुऱ्या होत्या.

मळमळ गेल्यानं सुकन्या चार घास जास्त खाऊ लागली. चेहरा जरा उजळल्यासारखा वाटला. रंगुबाई बायकांना सांगत सुटली, "रंग हाय समदा! तेलाचा बोळा!" झुंबरबाईनंही फुटक्या बादलीत माठ पेरला. पाच-सहा आठवडे असे गेले, मध्ये एकदा शेजारच्याच शिवारात मुक्काम हलला. सिस्टर मध्ये एकदा येऊन गेली, पण तेव्हा सगळी फडावर होती.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी सासूची नजर चुकवून सुकन्या एक हलकी मोळी उचलून निघाली. सरीच्या तोंडाशीच तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती तोडलेल्या उसाच्या टोकदार बुडख्यांवर कोसळली. पडता पडता तिनं पोट सांभाळलं. हात मात्र मनगटापासून फाटला.

अंगदनं तिला उचलून कोपीवर आणलं. मागोमाग टोळीतली निम्मी माणसं आली. फोन केल्यावर सिस्टर अर्ध्या तासात पोचली. तिनं जखम बांधली, बाळाचे ठोके ऐकले, ते ठीक निघाले. मग बोटातलं रक्त यंत्रात घातलं.

"सात पॉइंट तीन." तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वाढायचं सोडून उतरलं? सुकन्या, गोळ्या घेतेस ना रोज?"

सुकन्यानं एकदा सासूकडं पाहिलं. दाराशी निम्मी टोळी जमलेली, कानिफनाथ, मुकादम, बाया. "घेते," ती म्हणाली.

"रोज दोन?"

"व्हय. रोज."

सिस्टरनं यंत्र बाजूला ठेवलं. "मग दुसरंच काही असणार. गोळी लागूच पडत नाही म्हणजे आजार वेगळा. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, शोध घ्यावा लागेल. आजच निघा."

रंगुबाई कोपीच्या कुडाला टेकून उभी होती. पोर खोटं बोलली. फाटलेल्या हातानं, पिवळ्या तोंडानं, सासूची अब्रू राखायला खोटं बोलली. आणि आता त्या खोट्यावर डॉक्टर भलताच आजार शोधत बसतील. रंगुबाईला काय वाटलं ते सांगायला शब्द थोडे पडतील. तिला आपली लाज वाटली, आणि त्या लाजेहून मोठं सुनेविषयी प्रेम वाटलं.

ती बाहेर गेली आणि घमेलं उचलून आत आली. सगळ्यांच्या समोर तिनं माठाचा झुबका दोन्ही हातांनी धरून मुळासकट उपटला. माती झाडली. गुलाबी मुळांत अडकलेल्या गोळ्या खाली पडल्या. काही विरघळून तपकिरी लगदा झालेल्या, काहींवर अजून लाल रंगाचा ठिपका.

"पोरीनं न्हाई खाल्ल्या," रंगुबाई म्हणाली. "मी दिल्याच न्हाईत. गंज हाय म्हनून मातीत घातल्या. तिचा काय बी दोष न्हाई. माझी चूक हाय."

कुणीतरी मागं फिसकन हसलं. कानिफनाथनं कपाळावर हात मारला. "येडी का खुळी गं तू? सात घमेल्यांचा बाजार मांडून पोरीच्या जिवावर उठलीस!"

"थांबा मामा," सिस्टर म्हणाली. तिनं रंगुबाईला हाताला धरून शेजारी बसवलं आणि तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. नखानं खरवडलेली गोळी, वाटीतलं पाणी, लिंबाचे खिळे. ऐकता ऐकता सिस्टरचा राग कुठल्या कुठं गेला.

"चूक अर्धी माझी," ती म्हणाली. "कोयत्याची गोष्ट मी अर्धीच सांगून पळाले. मावशी, तेलाचा बोळा लावायला आधी काय पाहिजे?"

"काय?"

"पातं पाहिजे ना! मूठ आहे, तेल आहे, पण पातंच नाही, मग तेल लावायचं कशाला? लोह म्हणजे पातं. ते असेल तर रक्त. आणि रंग म्हणजे तेल. एकाचं काम दुसरं करत नाही. दोन्ही लागतं."

रंगुबाईनं खाली पडलेली एक गोळी उचलून घेतली.

"आणि तुमचा टोमॅटो, पेरू, लिंबू आहे ना, त्याच्या आंबटपणानं लोह अंगात चांगलं उतरतं. चहा त्याला अडवतो. गोळी चहाबरोबर दिली होतीत?"

"कोऱ्या च्याबरूबर."

"मग ती आठ दिवसांचीही निम्मी वाया गेली. काळं होतं त्याला घाबरायचं नाही, तसं होतंच. मळमळलं तर जेवणावर द्यायची. पण द्यायची."

त्या दिवशी सुकन्याला दवाखान्यात नेलं. दोन दिवस ठेवून, तपासून परत पाठवलं. दुसरा आजार निघाला नाही.

ती आली त्या दिवसापासून रंगुबाईनं चूक जशी जीव तोडून केली होती तशीच जीव तोडून दुरुस्त केली. पहाटेचा चहा सुनेला बंद. दोन्ही वेळचं जेवण झालं की तव्यावरच्या टोमॅटोबरोबर नाहीतर लाल पेरूच्या फोडीबरोबर गोळी. गोळी गिळली की हुकूम, "तोंड उघड. जीभ वर कर." सुकन्या हसत हसत आ करायची. उपटलेल्या घमेल्यात नवा माठ पेरला, तो उगवला. पुन्हा मुक्काम हलला तेव्हा ट्रॉलीत सगळ्यांत आधी घमेली चढली, आणि ती कानिफनाथनं चढवली. काकासाहेबानंही या खेपेला टोमणा मारला नाही, कारण त्याच्या बायकोची बादली त्या घमेल्यांच्या शेजारीच होती.

फेब्रुवारीच्या शेवटी सिस्टर या नव्या मुक्कामावर आली. दुपारची वेळ, टोळी नुकतीच फडावरून आलेली. सुकन्याचं पोट आता चांगलं दिसत होतं. सिस्टरनं थेंब घेतला, यंत्राकडं पाहिलं आणि हसली. "नऊ पॉइंट आठ. अजून चढायचंय, गोळ्या थांबवायच्या नाहीत. पण रस्त्याला लागलं गाडं. मावशी, जिंकलात तुम्ही."

रंगुबाईनं पदर तोंडाला लावला. झुंबरबाईनं तिच्या पाठीत धपका घातला.

"सिस्टर," सुकन्या म्हणाली, "आत्याचं बी बघा."

"माझं नगं. मला काय धाड..."

सुकन्यानं सासूचा हात धरला. ओरबाडलेला, चिकट उसाच्या रसानं काळा झालेला हात. नखं पांढरीफटक. तो हात तिनं सोडला नाही. सिस्टरनं बोट पुसलं आणि सुई टोचली. थेंब आला तो फिकट, पाण्यासारखा. यंत्रावर आकडा उमटला आणि सिस्टरनं तो दोनदा वाचला.

"किती?" कानिफनाथनं विचारलं.

"सात पॉइंट एक." सिस्टर म्हणाली. "मावशी, तुम्ही या अंगानं दोन माणसांच्या मोळ्या वाहताय? तुम्ही खाता काय?"

उत्तर सुकन्यानं दिलं.

"च्या अन् भाकर. तीन महिने झालं, मी बघतीय. त्या सात घमेल्यांतलं एक पान ह्यांनी तोंडात घातलं न्हाई."

कानिफनाथ उठला आणि दारातून बाहेर बघत उभा राहिला. मुलाबाळांदेखत डोळे पुसायची त्याला सवय नव्हती.

"उद्या मी स्वतः दवाखान्यात नेते," सिस्टर म्हणाली. "मोळ्या बंद. पण आज जेवणावर पहिली गोळी घ्या."

सुकन्या जड अंगानं चुलीपाशी गेली. तव्यावर टोमॅटो होता, कढईत माठ. तिनं ताटली भरली, अगदी काठोकाठ, आणि सासूपुढं ठेवून समोर मांडी घालून बसली. रंगुबाईनं एक घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण ती खात राहिली, कारण समोरून सून उठत नव्हती. ताटली रिकामी झाल्यावर सुकन्यानं पट्टीतून एक लाल गोळी फोडून तिच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

रंगुबाईनं गोळी गिळली.

"तोंड उघडा," सुकन्या म्हणाली. "जीभ वर करा, आत्या."